विज्ञान मेळाव्यातून करिअरचं टेबल उचला (टोपणनावांनी झालेली चर्चा)

उलटतपासणी:

विज्ञान मेळावा म्हणा, टेक फेस्ट म्हणा, नाहीतर प्रयोगशाळेचा 'ओपन डे' म्हणा, हल्ली मांडणी ठरलेली असते. एका बाजूला प्रयोगांची टेबलं आणि दुसऱ्या बाजूला 'पदवीनंतर काय?' असा फलक लावून बसलेल्या कंपन्या, विद्यापीठं आणि क्लासवाले. प्रवेश सगळ्यांना खुला. आयोजक एका दमात सांगतात की शिकायलाही या आणि करिअर घडवायलाही या. माझ्या मते यात दोन्हीची वाट लागते. करिअरचं टेबल तिथून उचलावं आणि त्यासाठी वेगळी, छोटी, पुन्हा पुन्हा होणारी बैठक ठेवावी.

का ते सांगतो. सोल्डरिंगचं, म्हणजे धातू वितळवून विजेचे भाग जोडायचं टेबल घ्या. छोटा बोर्ड, एक एलईडी, एक रेझिस्टर, एक बटन सेल. पहिल्यांदा आयर्न (तापलेल्या टोकाचं हत्यार) धरणारा हमखास एकच चूक करतो. सोल्डरची तार आयर्नच्या टोकावर वितळवतो आणि तो थेंब उचलून जोडावर ठेवतो. तोवर फ्लक्स (जोड स्वच्छ करणारं रसायन) जळून गेलेला, पॅड (बोर्डावरची धातूची टिकली) थंडच, त्यामुळे जोड मळकट, दाणेदार गोळ्यासारखा बसतो. याला म्हणतात ड्राय सोल्डर. एलईडी लागत नाही. खरं शिकणं इथून सुरू व्हायला हवं. आधी पॅड आणि एलईडीचा पाय दोन्ही एकदम तापव, मग तार जोडाला लाव आणि सोल्डर आपणहून पसरतंय का बघ. शिसं-कथिलाचं ६३/३७ मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, मग आयर्न ३५० वर कशाला, हा प्रश्नही तिथेच पडायला हवा.

पण मागे रांग असते. स्वयंसेवक हातातलं आयर्न घेतो, दोन सेकंदांत जोड नीट करतो, एलईडी लागतो, फोटो निघतो, पुढचा या. रांग एवढी पळवायची कशासाठी? कारण 'इतक्या हजारांनी भेट दिली' हा आकडा हवा असतो. आणि तो सगळ्यात जास्त हवा असतो पलीकडच्या टेबलवाल्यांना, कारण पैसे त्यांनी दिलेले असतात.

त्या टेबलावर काय मिळतं? कंपनीचा टी-शर्ट घातलेली एचआरची दोन माणसं आणि एक क्यूआर कोड. 'तुमच्याकडे सिग्नल प्रोसेसिंगवाले दिवसभर नेमकं काय करतात?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'वेबसाइटवर सगळं आहे.'

बरं, आवड नसणं हा मुळात अडसर आहे का? लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईझ आर्चर आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून 'अस्पायर्स' हा दीर्घ अभ्यास केला, दहा वर्षांच्या मुलांपासून सुरू करून. विज्ञान आवडतं म्हणणारी मुलं भरपूर निघाली, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी १५ टक्क्यांच्या आसपास. आणखी एक चकचकीत दिवस साजरा करून हा फरक कसा भरून निघणार?

चिमटा:

'वेबसाइटवर सगळं आहे' म्हणाले म्हणून मी वेबसाइट उघडली. तिथे लिहिलंय, 'आम्हाला मेळाव्यात प्रत्यक्ष भेटा.'

पहिलीपिढी:

उलटतपासणी, अभ्यासाचा तुमच्या सोयीचा अर्धा भाग तेवढा सांगितलात. त्याच आर्चर यांच्या कामातून 'विज्ञान भांडवल' ही कल्पना पुढे आली. घरात विज्ञानाबद्दल बोललं जातं का, विज्ञान किती कळतं, आणि विज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारं कुणी ओळखीचं आहे का, हे सगळं त्यात मोजतात. आवड असूनही मुलं मागे राहतात, कारण 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून तुम्ही काय सुचवता? तर ते काम करणारी माणसं हॉलमधून बाहेर काढा!

ओळखीचं महत्त्व फार आधीपासून माहीत आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या, तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या माहितीवरून केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष साधारण त्याच दिशेचा होता. घरात इंजिनियर, शेजारी प्राध्यापक, मामा संशोधन संस्थेत, अशांना तोंडओळखी जन्मतःच मिळतात. टेबल उचललंत तरी त्यांचं काही अडत नाही. ज्याला 'मेटलर्जी' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये ऐकायला मिळतो, त्याचं अडतं.

वेगळी, छोटी बैठक म्हणता. तिला येणार कोण? ज्याला आधीच माहीत आहे की आपल्याला यायला हवं, तोच. मेळाव्याचा फायदा हाच की माणूस प्रयोग बघायला येतो आणि जाता जाता टेबलाला धडकतो.

जुनी बॅटरी:

पहिलीपिढी यांच्याशी सहमत. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पठ्ठ्याने टिपणं काढली, स्वच्छ लिहिली, स्वतःच बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्याच संस्थेत सहायक म्हणून लागला. पुढे १८२५ मध्ये तिथे मुलांसाठी नाताळ व्याख्यानं सुरू झाली, त्यांतल्या १९ मालिका फॅरेडेने दिल्या. जिथे शिकला तिथेच पोटाला लागला आणि तिथूनच पुढच्यांना शिकवलं. दोन छपरं कुठे लागली?

उलटतपासणी:

बॅटरी, उदाहरण झकास आहे, पण पूर्ण सांगा. डेव्हीने आधी त्याची समजूतच काढली होती, जागा नाही, आपला बांधणीचा धंदा बरा. मग संस्थेतल्या एका सहायकाला मारामारीवरून काढून टाकलं, जागा रिकामी झाली, तेव्हा बोलावणं आलं. मधल्या काळात प्रयोगशाळेतल्या स्फोटात डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली होती, म्हणून फॅरेडेने काही दिवस त्याचं लेखनिकाचं काम केलं होतं. म्हणजे ओळख झाली ती कामातून, आणि थेट डेव्हीशी. डेव्हीच्या वतीने कुणी पत्रकं वाटत बसलं नव्हतं.

आज कुणी तशी टिपणं पाठवली तर वाचतो कोण, एवढंच मला विचारायचंय.

पहिलीपिढी:

आणि दुकानात ते गिऱ्हाईक आलंच नसतं तर? पोरगा बाइंडरच राहिला असता. असं गिऱ्हाईक प्रत्येकाच्या नशिबात नसतं म्हणून तर टेबल लागतं.

ओहमचा नियम:

तुम्ही दोघं टेबलाच्या पुढे उभ्या असलेल्यांचंच बोलताय. मी टेबलामागे उभी राहिलेली आहे, पदव्युत्तरला असताना, क्लाउड चेंबर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या वाटा दाखवणारी पेटी घेऊन. माझ्या मते मेळाव्यात सगळ्यात जास्त शिकतो तो टेबलामागचा विद्यार्थी.

काचेची पेटी, तळाला कोरडा बर्फ, वर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने भिजलेलं फेल्ट. थोड्या वेळात तळाशी पांढऱ्या रेषा उमटायला लागतात. आखूड जाड रेषा अल्फा कणाची, वेडीवाकडी बारीक इलेक्ट्रॉनची, लांब सरळ असेल तर बहुधा म्यूऑन, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण. हे मी पाठ केल्यासारखं म्हणून दाखवायचे. एका आजींनी विचारलं, 'ह्या रेषा पेटीतच येतात, का आत्ता माझ्यातूनपण जातायत?' मी म्हटलं, जातायत. त्यावर त्या म्हणाल्या, 'किती?' समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन, हा आकडा मी परीक्षेत कितीदा लिहिला असेन. पण तळहात पुढे धरून 'एवढ्यातून सेकंदाला एखादा' असं सांगायची वेळ आली तेव्हा तो मला पहिल्यांदा कळला. त्यांचा पुढचा प्रश्न होता, 'मग मला काही होत कसं नाही?' तिथे मी अडखळले आणि घरी जाऊन वाचलं.

क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धा आज जगभर चालते. तीन मिनिटं, एक स्थिर स्लाइड, समोर विषयाबाहेरचे लोक. परक्या माणसाला आपलं काम सांगता येणं ही नोकरीच्या बाजारात चालणारी गोष्ट आहे, हे विद्यापीठांना केव्हाच कळलंय. म्हणजे पदवीधरांचं करिअर प्रयोगाच्याच टेबलावर घडत असतं. त्यासाठी शेजारी वेगळं टेबल असलं काय, नसलं काय.

रिकामी खुर्ची:

मी त्या टी-शर्टवाल्यांपैकी. शिव्या खाल्ल्या, चालेल, पण आमच्या बाजूने कसं दिसतं ते ऐका.

मेळाव्यात गोळा झालेले बायोडेटा स्प्रेडशीटमध्ये जातात आणि बहुतेक तिथेच राहतात. माझा मेळाव्यात खरा उपयोग होतो तो टेबल सोडून हॉलमध्ये फिरले की. प्रयोगामागे उभ्या असलेल्या मुलाला मी एकच विचारते, 'हे काल चालत होतं का?' 'हो मॅडम, एकदम व्यवस्थित' म्हणणारे लक्षात राहत नाहीत. एक जण म्हणाला, 'काल मोटर चालू झाली की सेन्सर वेडेवाकडे आकडे द्यायचा. दोघांची ग्राउंड, म्हणजे वीज परत नेणारी जोडणी, एकाच तारेवरून नेली होती, रात्री वेगळी केली.' त्याचं नाव मी हातावर लिहून घेतलं, स्प्रेडशीटच्या भरवशावर सोडलं नाही. त्यामुळे ओहमचा नियम यांच्याशी सहमत.

पण उलटतपासणी, टेबल उचललंत तर मला त्या हॉलमध्ये पाठवायचं कारणच कंपनीकडे उरत नाही. मी हिंडते ती टेबलाच्या जिवावर.

जुनी बॅटरी:

ओहमताई, आजींचा प्रश्न भारी. उत्तरही टाका की इथे.

ओहमचा नियम:

सोपं करून सांगते. म्यूऑन इतका वेगात असतो की जाता जाता फार थोडी ऊर्जा शरीरात सोडतो. हा मारा माणूस जन्माला आल्यापासून चालू आहे आणि एकूण मात्रा फार कमी आहे. होणारं बारीकसारीक नुकसान पेशी बहुतांशी दुरुस्त करतात. बस, मुद्द्यावर या.

उलटतपासणी:

रिकामी खुर्ची, तुम्ही तर माझी केस मलाच लढून दिलीत. टेबल कुचकामी आहे आणि काम होतं ते प्रयोगाशेजारी उभं राहून केलेल्या बोलण्यात, असंच म्हणताय ना?

आणि एका दिवसाचं काय? ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकवाल्यांच्या मंडळाची पहिली बैठक झाली. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वॉझ्नियाकने ॲपल-१ या संगणकाची आखणी तिथल्या मंडळींना दाखवली, फुकट वाटली. तो जत्रेचा दिवस नव्हता, दर पंधरा दिवसांनी माणसं तीच भेटायची. आज अडलेलं पुढच्या खेपेला विचारता येत होतं. मेळाव्यात ड्राय सोल्डर झालेला पोरगा पुढच्या खेपेला जाणार कुठे?

पहिलीपिढी:

त्या गॅरेजमध्ये चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) वाचता येणारी माणसं होती हो! नवख्याला 'या' म्हणणारं ते दार नव्हतं. नियमित आणि नवख्यांसाठी असं उदाहरण हवं असेल तर कोडरडोजो घ्या. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला सुरू झालं, मुलांसाठी मोफत, पुन्हा पुन्हा भरणारे प्रोग्रॅमिंगचे क्लब. तेवढं मला मान्य आहे. पण अशा क्लबाचा पत्ता मुलांना मिळणार कुठे? मेळाव्यात! तुम्ही दोन्हींत भांडण लावताय, मला एकातून दुसऱ्यात जायचा रस्ता हवाय.

मांडववाला:

इतका वेळ गप्प होतो. मी असे मेळावे भरवतो, त्यामुळे जरा हिशोबाचं बोलतो.

हॉल, वीज, विमा, सुरक्षारक्षक, प्रथमोपचार, सोल्डरिंगच्या टेबलावर धूर ओढणारे पंखे, यातलं काहीही 'समुदायाच्या प्रेमातून' येत नाही. प्रयोगवाल्यांकडून आम्ही एक पैसा घेत नाही. पैसे येतात करिअरच्या टेबलांतून. ते उचला म्हणता, मग शाळेच्या मैदानावर चार टेबलं मांडतो, तुम्ही कोरडा बर्फ घेऊन या.

पैशाशिवायही होतं, हे मलाही माहीत आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ पासून कार्यकर्त्यांच्या बळावर विज्ञान गावोगावी नेतेय, १९९६ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण ती चळवळ आहे, कित्येक वर्षांच्या कामातून उभी राहिलेली. आमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी राबणाऱ्या मूठभर लोकांनी ते कसं करायचं?

आकड्याचा मुद्दा मात्र लागला. आम्ही सोल्डरिंगला माणशी पाच मिनिटं ठेवतो. टोकन देऊन वीस करता येतील. रांग कमी दिसेल, प्रायोजक कुरकुरतील, मी बघून घेईन. आणि टेबल भाड्याने देताना अट घालतो: एचआर एकटे नकोत, पदवी होऊन दोन-तीनच वर्षं झालेलं कुणीतरी सोबत हवं, ते काम रोज करणारं. क्लबवाल्यांना दाराशेजारची जागा, फुकट.

उलटतपासणी:

अट तोंडी नको, करारात घाला. माणूस नाही आला तर अनामत जप्त.

मांडववाला:

घालतो. पुढच्या वर्षी किती टेबलं भरली ते इथेच कळवतो, मग बोला.

रिकामी खुर्ची:

अट चांगली आहे, पण अडचण सांगते. तसा इंजिनियर सुट्टीच्या दिवशी पाठवायचा म्हणजे बदली रजा द्यावी लागते, आणि त्याच्या मॅनेजरला त्याच आठवड्यात रिलीज (नवी आवृत्ती बाहेर काढायची) असते. आम्ही फुकटात जातो कारण आमचं कामच ते. दोन महिने आधी तारीख द्या, तर जमवता येईल.

पहिलीपिढी:

आणि त्या इंजिनियरला पगाराबद्दल बोलायची मुभा असेल का? मुलं तेच विचारायला धजत नाहीत.

रिकामी खुर्ची:

पगाराचं नाही बोलता येणार. पहिल्या वर्षी काय काय करावं लागलं, रात्री किती वाजेपर्यंत बसावं लागलं, कॉलेजातलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे बोलू दे, मी अडवणार नाही.

चिमटा:

म्हणजे वेबसाइटवर नसलेलं सगळं.