शब्दचर्चा: 'सबयुनिट'ला 'उपघटक' म्हणावं का?

फोंड्याहून प्रश्न:
विद्यार्थ्यांसाठी मराठीतून टिपण लिहिते आहे. विषय गर्क (इंग्रजीत GIRK) वाहिन्यांचा, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या, जी-प्रथिनामुळे (पेशीत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनामुळे) उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या. सबयुनिटला, म्हणजे वाहिनी ज्यांची बनते त्यातल्या एकेका प्रथिनाला, 'उपघटक' लिहिलं, पण मन घेत नाही. उपसरपंच, उपकार्यालय… 'उप' दिसला की दुय्यम वाटतं. इथे तर सगळं त्यांच्यावरच ठरतं. चार प्रथिनं गोलाकार जुळतात, मधल्या छिद्रातून पोटॅशियम जातं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत या चारांपैकी गर्क-१ आणि गर्क-४ दोन-दोन असतात. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस चेतेचा (नसेचा) निरोप आला की ही वाहिनी उघडते नि ठोके मंदावतात. गर्क-१ एकटं पेशीच्या पडद्यापर्यंत पोचतसुद्धा नाही, पण गर्क-४ किंवा गर्क-२ सोबत असलं की तेच प्रवाह कितीतरी वाढवतं. याला 'उप' कसं म्हणू?

डिचोलीहून:
बाई, 'उप' नेहमी कमीपणा दाखवत नाही. खांडेपार ही मांडवीची उपनदी. म्हणून तिचं पाणी काही कमअस्सल नव्हे. माझी अडचण 'गेटेड'साठी लिहितात त्या 'द्वारित' या शब्दाची आहे. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाण्याचं दार, भरती-ओहोटीच्या पाण्यानेच उघडते, मिटते. गर्क वाहिनी तिच्यातून जाणाऱ्या पोटॅशियमने उघडत नाही. जी-प्रथिनाची बीटा-गॅमा जोडी आतून येऊन चिकटावी लागते. 'जी-प्रथिनद्वारित' वाचून हे कळत नाही. 'जी-प्रथिनाने उघडणारी' लिहा, लांब झालं तरी चालेल.

मडगावहून:
साधं 'घटक' पुरे. चारही सारखे असतील तर 'एकजिनसी', वेगवेगळे असतील तर 'मिश्र'. एकजिनसी हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, मुलांना समजावावा लागणार नाही. मेंदूचं उदाहरणही घाला: मध्यमेंदूच्या व्हीटीए नावाच्या भागातल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत गर्क-१ नसतं, गर्क-२ आणि गर्क-३ असतात. म्हणून बॅक्लोफेन या औषधाला तिथल्या वाहिन्या शेजारच्या, गाबा हे रसायन सोडणाऱ्या पेशींतल्यांपेक्षा कमी दाद देतात. जास्त मात्रा लागते. औषध एकच, घटक वेगळे.

फोंड्याहून:
'घटक' आणि 'एकजिनसी' दोन्ही घेते. 'उघडणारी'सुद्धा. 'वीव्हर' या जनुकबदल झालेल्या उंदराचं उदाहरणही घालते: गर्क-२ मधल्या १५६व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन आलं की वाहिनीची निवड बिघडते, सोडियमही आत शिरतं आणि उंदीर डुलत चालतो. आणि 'गर्क' अवतरणचिन्हांतच लिहीन, नाहीतर मुलं 'कामात गर्क' वाचतील.