लष्करी कारवाई चालू असताना वार्तांकन: बंदी नेमकी कशावर?

प्रश्न: लष्करी हालचालींचं थेट वार्तांकन करू नका, असं संरक्षण मंत्रालयाने ९ मे २०२५ला बजावलं. हा कायदा आहे का? यूट्यूबवाल्यांनाही लागू होतो का?

प्रतिसाद १: ती सूचना आहे, आणि ती डिजिटल माध्यमं व व्यक्तींनाही उद्देशून आहे. तिच्यात आधार दिलाय तो केबल टीव्हीच्या नियमांतल्या नियम ६(१)(पी)चा: दहशतवादविरोधी मोहीम संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच. छापील बातमी किंवा टीका या नियमात येत नाही.

प्रतिसाद २: कारण २६/११. नरीमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो टीव्हीवर थेट दिसले. पलीकडचे सूत्रधार बातम्या बघत हल्लेखोरांना फोनवर सांगत होते. कसाबच्या निकालात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडसावलं ते यासाठीच. धोका असतो तो वेळ आणि ठिकाण यांच्या जोडीत. त्यामुळे फुटेज उशिरा टाका, ठिकाण ओळखू येईल अशा पाट्या आणि टॉवर चित्रातून कापा, फोनचं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ठिकाण तसंच राहतं, हे बरेच जण विसरतात.

प्रतिसाद ३: दुसरी बाजूही धरून ठेवा. राज्यघटनेच्या कलम १९(२)मध्ये, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालता येईल अशा कारणांत, देशाची सुरक्षा आहे, सरकारची अडचण नाही. नुकसान किती झालं, हे विचारायलाच हवं.