मिलानवरून स्पेन गेलं, ऑस्ट्रिया आलं: गावात नेमकं काय बदललं?

गोदाकाठचा_वाचक
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या वाचनगटात या महिन्यात लोंबार्डीचा इतिहास घेतलाय. १५३५ ला मिलानचा शेवटचा स्फोर्झा घराण्यातला ड्यूक (सरदार-राजा) वारला आणि मिलान हॅब्सबर्ग राजघराण्याच्या हाती गेलं. आधी स्पेनची शाखा, मग १७०६ ला ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स युजीन शहरात शिरला तेव्हापासून ऑस्ट्रियाची. राजे आणि तह पुस्तकात भरपूर आहेत, पण शेताच्या बांधावर काय फरक पडला ते सापडत नाही. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिच्या जमीन मोजणीचा उल्लेख मात्र सगळीकडे येतो. १७१८ ला सुरू झालेलं काम अमलात यायला १७६० का उजाडलं? आणि या मोजणीचं एवढं कौतुक कशासाठी?

टिपण_उतारा
आधी एक दुरुस्ती. लोंबार्डी म्हणताना आजचा नकाशा डोळ्यांपुढे आणू नका. बर्गामो आणि ब्रेशा १७९७ पर्यंत व्हेनिसकडे होते. आपण बोलतोय ते फक्त मिलानच्या डचीबद्दल, म्हणजे ड्यूकच्या मुलखाबद्दल.

मोजणी का लागली, ते स्पेनच्या काळात आहे. मिलान ही स्पेनची छावणी होती. जेनोवाला उतरलेली पलटण इथूनच आल्प्स ओलांडून फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमच्या बाजूला) जायची, आणि तिचा मुक्काम व दाणावैरण गावांच्या डोक्यावर. करवाटपाचा आधार होता चार्ल्स पाचव्यानं १५४३ ला हुकूम दिलेली आकारणी, म्हणजे १७१८ ला ती पावणेदोनशे वर्षं जुनी. त्यात खरी मेख अशी की शहरवासीयाची जमीन 'शहरी' खात्यात आणि गावकऱ्याची 'ग्रामीण' खात्यात. शहरातल्या सावकारानं गावातलं शेत घेतलं की ते शहरी खात्यात सरकायचं, पण गावाच्या कराचा आकडा तोच. उरलेल्यांनी तो भरायचा.

मारिया तेरेसाच्या वडिलांनी, सम्राट सहाव्या चार्ल्सनं, १७१८ ला समिती नेमली, विन्चेन्झो मिरो अध्यक्ष. पहिलं पाऊल फसलं: मालकांना आपली जमीन स्वतः लिहून द्यायला सांगितलं, आणि आलेली माहिती बिनभरवशाची निघाली. मग प्रत्यक्ष मोजणी ठरली. दरबारी गणिती जोव्हान्नी जाकोमो मारिनोनी यानं प्लेन टेबलचा (तिकाटण्यावरचा नकाशा काढायचा फळा) आग्रह धरला. स्थानिक मोजणीदार शंकूनं (काटकोन साधायच्या साधनानं) काम करायचे, म्हणजे पायारेषा टाकून काटकोनात दोन्ही बाजूंची अंतरं घ्यायची. त्यातून एका शेताचं क्षेत्रफळ मिळतं, पण शेजारच्या शेताशी सांधा जुळेलच असं नाही. प्लेन टेबलवर नकाशा जागेवरच उभा राहतो. एका ठिकाणाहून खुणांकडे रेषा मारायच्या, टेबल दुसऱ्या ठिकाणी नेऊन पुन्हा मारायच्या, छेद जिथे पडतो तो बिंदू. चूक झाली तर तिथेच दिसते, कचेरीत गेल्यावर नाही.

प्रमाण १:२०००. प्रत्येक शेताला गावापुरता क्रमांक. मापं अशी: त्राबुक्को साधारण २.६१ मीटर, ४ चौरस त्राबुक्को म्हणजे १ ताव्होला, २४ ताव्होला म्हणजे १ पेर्तिका, सुमारे ६५४.५ चौरस मीटर. आपल्या हिशेबात जवळपास साडेसहा गुंठे.

आणेवारी
वरच्या उत्तरात मोजणी आली, पण अवघड भाग पुढचा: प्रतवारी आणि किंमत. आधी जमिनीचा प्रकार (जिरायत, वेली असलेली जिरायत, पाटपाण्याचं कुरण, भातशेती, रान, माळ) आणि मग प्रत्येकात उत्तम, मध्यम, कनिष्ठ. 'वेली असलेली जिरायत' म्हणजे निफाडसारखा मांडव नव्हे. धान्याच्या शेतातच झाडांवर वेल चढवलेले असत. तुतीची झाडं स्वतंत्र मोजली गेली, कारण रेशमाचा पैसा त्यांत होता.

पिकाच्या उत्पन्नातून खर्च आणि जोखीम वजा करून निव्वळ उत्पन्न काढायचं. ते जमिनीच्या किमतीच्या ४ टक्के धरायचं, म्हणजे पंचवीस पट केली की किंमत आली, ती स्कूदोमध्ये लिहायची. १ स्कूदो ६ लिरांचा. कर मग दर स्कूदोमागे इतके देनारी असा (२४० देनारी म्हणजे १ लिरा). नुसतं समजण्यासाठी काल्पनिक आकडे घ्या: २० पेर्तिका (साधारण ३ एकर ९ गुंठे), दर पेर्तिकाला निव्वळ ६ लिरा. एकूण १२० लिरा, किंमत ३,००० लिरा, म्हणजे ५०० स्कूदो. दर १८ देनारी असेल तर ९,००० देनारी, साडेसदतीस लिरा कर.

कौतुकाचं कारण पुढे आहे. किंमत एकदा ठरली की ठरली. मालकानं नंतर पाणी आणलं, माळ फोडला, तुती लावली, तरी वाढीव उत्पन्नावर कर नाही. आळशाला मात्र सूट नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं या मोजणीची अचूकपणासाठी वाखाणणी केली आहे.

टिपण_उतारा
उशीर का झाला, ते राहिलं होतं. प्रत्यक्ष मोजणी १७२३ पर्यंत आटोपली, म्हणजे जेमतेम तीन-चार वर्षांत. किमतींवर हरकतींचा पाऊस पडला. उमराव, शहरं, चर्च, सगळेच नाखूश. त्या निस्तरत असतानाच १७३३ ला पोलंडच्या वारसायुद्धात फ्रेंच आणि शेजारच्या साव्हॉय राजघराण्याचं सैन्य मिलानमध्ये शिरलं, काम बंद. पुढे नोवारासारखे पश्चिमेचे भाग तहांत साव्हॉयला गेले. तिथली मोजणी झालेली, कर मात्र दुसऱ्याचा! मारिया तेरेसानं १७४९ ला पोम्पेओ नेरी या तोस्कानाच्या कायदेपंडिताला नव्या समितीवर आणलं. बाहेरचा माणूस मुद्दाम; मिलानी घराण्यांशी त्याचं नातंगोतं नव्हतं. चर्चच्या जमिनींवरच्या कराबाबत १७५७ ला पोपशी करार झाला, १ जानेवारी १७६० ला अंमल.

गोदाकाठचा_वाचक
धन्यवाद दोघांनाही. मग हे आपल्या सातबाऱ्यासारखंच म्हणायचं का?

आणेवारी
अर्धंच. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूरला सुरू केलेल्या पद्धतीत रयतेनं स्वखर्चानं केलेली सुधारणा आकारणीत धरायची नाही, हे तत्त्व मिलानशी जुळतं. पण इथे आकार ३० वर्षांनी फेरतपासायचा, तिथे किंमत कायमची. आणि आपली जुनी टिपणं (मोजणीच्या मूळ नोंदी) शंकू-साखळीचीच आहेत, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. मिलाननं शंभर वर्षं आधी बाजूला ठेवलेली पद्धत! गावनकाशा आणि जागा जुळत नाही ही तक्रार त्यातूनही येते.

शिवाय १७५५ च्या सुधारणेनं गावाचा कारभार मोजणीच्या नोंदीशी बांधला. उमराव असो की साधा, नोंदीत नाव असलेल्या जमीनमालकांची सभा गावाचे प्रतिनिधी निवडायची; डोईपट्टी भरणाऱ्यांचा एक आणि व्यापाऱ्यांचा एक वेगळा. दप्तर सरकारनं नेमलेल्या चिटणिसाकडे, तोच फेरफार नोंदवायचा.

वाचनगटात एक गोष्ट मात्र मोकळेपणी मांडा. खंडानं किंवा बटईनं कसणाऱ्याचं नाव या नोंदीत नव्हतं. करसवलत मालकाची, आणि डोईपट्टी १४ ते ६० वयाच्या प्रत्येक कष्टकरी पुरुषाला लागू.