साठीनंतरचा परदेश प्रवास: कोल्हापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

मुले-सुना परदेशात स्थिरावल्या, त्यामुळे आपल्याकडची कित्येक माणसे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात ती थेट साठी-सत्तरीत, तेही सातासमुद्रापलीकडे जायला. रंकाळ्यावर सकाळी फिरताना निम्म्या गप्पा याच चालतात. व्हिसाचे काय झाले, गुडघे साथ देतील का, चटणी नेऊ देतात का? सांगणारा सांगून जातो आणि पुढचा पुन्हा पहिल्यापासून विचारत बसतो, म्हणून हा धागा. स्थळांची वर्णने नकोत, ती कुठेही मिळतात. औषधे, कागद, पैसे, जेवण, थकवा यांबद्दल मोकळेपणाने लिहा. माझे मत आधीच सांगते: पासपोर्ट, गोळ्या आणि पैसे या तीन गोष्टी पूर्णपणे मुलांवर किंवा टूरवाल्यांवर सोडू नयेत. कुठे काय आहे हे आपल्याला ठाऊक असले की परक्या विमानतळावरही धीर राहतो.

सुरुवात मीच करते. आमच्या ह्यांना इन्सुलिन आहे. ते कायम हातातल्या पिशवीत ठेवायचे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. द्रव पदार्थांना १०० मिलीची मर्यादा असते, पण औषधांना त्यातून सूट मिळते. तपासणीच्या वेळी आपणहून काढून दाखवावे. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हवे आणि त्यात औषधाचे मूळ नाव हवे, कारण आपल्या दुकानातले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. खरा घोळ वेळेचा असतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणजे डोसचे गणित बदलते. डॉक्टरांनी भारतीय वेळेप्रमाणे डोस एका कागदावर लिहून दिले होते. तो कागद पासपोर्टच्या कव्हरात ठेवला आणि ह्यांनी मुक्कामी पोचेपर्यंत मनगटावरचे घड्याळ बदलले नाही. शेजारच्या प्रवाशाचे जेवण आले म्हणून आपली सुई घ्यायची नाही, कागद बघून घ्यायची.

राजारामपुरीतून, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या

ताई, चटणीचे मी सांगते. ऑस्ट्रेलियात उतरताना जे कार्ड भरायचे असते, त्यात खाण्याचे पदार्थ आहेत का या प्रश्नावर ‘हो’च लिहा. लपवले तर मोठा दंड होतो. खरे सांगितले तर फार फार तर वस्तू ठेवून घेतात. माझी कांदा-लसूण चटणी अधिकाऱ्याने पिशवी उघडून, वास घेऊन परत दिली. पेढे मात्र काढून घेतले. दुधाची मिठाई तिथे चालत नाही, बर्फी-गुलाबजामसुद्धा नाही. लेकीसाठी देवीचा प्रसाद म्हणून नेले होते, वाईट वाटलेच. दुसऱ्या खेपेला मी पेढ्यांच्या वाटेला गेलेच नाही.

मंगळवार पेठेतून

वहिनी, तीच चटणी दुबईला मात्र नेऊ नका! आपण डंकावर कुटून आणतो त्या चटणीत बहुतेक घरांत खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे; तिथे ती अमली पदार्थांत धरतात. सिंगापूरलाही जपूनच. आमच्या सुनेने आधीच फोनवर बजावले, म्हणून थोडी चटणी बिनखसखशीची वेगळी कुटून घेतली. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या आणि कोडीनचे खोकल्याचे औषध यांचेही तेच. आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नये. अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात घालू नका, त्यात तेल असल्याने त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमान कंपन्या त्या घेत नाहीत.

ताराबाई पार्कातून, युरोपला टूरबरोबर गेलेले

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला नेतात. उंची ३,४५४ मीटर. आपले कळसूबाई १,६४६, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. रेल्वे थेट वर नेऊन सोडते, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बर्फ बघून लोक धावत सुटतात. मला बीपी आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतले होते. वर गेल्यावर एका बाकावर शांत बसून राहिलो, पाणी पीत राहिलो. आमच्यातल्या एका गृहस्थांना धाप लागली, तर टूरबरोबरचा माणूस ‘चला चला, वेळ झाली’ करत होता. हे मला अजिबात पटले नाही. पैसे भरण्याआधीच विचारा: रोज किती स्थळे, किती चालणे, कुठे थांबायची मुभा आहे? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसच्या फेरीला नाही म्हटले आणि ल्युसर्नच्या तळ्याकाठी अर्धा दिवस काढला. बदके, बोटी, ऊन. अख्ख्या सहलीत मला तेच सगळ्यात आवडले.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण विम्यात जुन्या आजाराचे काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. बीपी-शुगर फॉर्मवर लपवली तर ऐन वेळी दावा नाकारतात. आणि खिशात सुट्टी नाणी ठेवा, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचे पाणी मात्र फुकट आणि पिण्याजोगे.

शाहूपुरीतून

पैशांचे थोडक्यात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ती सोय बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावी लागते. कोल्हापुरातच करा. दुकानात मशीनने ‘रुपयांत की तिथल्या चलनात’ विचारले तर तिथल्या चलनात म्हणा, रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. आपले सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

कागलजवळून, शेतकरी, मुलाकडे अमेरिकेला गेलेले

आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली. निदान ४८ तास आधी तरी सांगावे लागते. अवघडल्यासारखे वाटून मागे राहू नका. मोठ्या विमानतळावर चालणे एवढे असते की पाय मोडून येतात. मुंबईला आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघालो, दिवसभर पाहुण्यांकडे पडून राहिलो आणि रात्रीचे विमान धरले. गाडीने थेट विमानतळावर गेलो असतो तर तिथेच दमलो असतो.

मला इंग्रजी येत नाही. मुलाने पत्ता, फोन, किती महिने राहणार, परतीचे तिकीट हे सगळे एका कागदावर इंग्रजीत लिहून दिले होते. अधिकाऱ्याला कागद दाखवला, त्याने हिंदी बोलणारा माणूस बोलावला, काही त्रास झाला नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचे ते तो अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख लिहून ठेवा. दातांची कामे इथेच उरका, तिकडे दाताचा खर्च झेपत नाही. आणि पहिल्या खेपेला हिवाळ्यात जाऊ नका. मुले कामावर जातात, बाहेर बर्फ, चारलाच अंधार, बोलायला माणूस नाही. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, परसात भेंडी लावली, शेजारचे म्हातारे रोज बघायला यायचे. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण वाफा कसा करायचा ते दोघांनाही माहीत होते.

उत्तरेश्वर पेठेतून

एक विचारायचे होते. आमची पेन्शन आहे आणि नोव्हेंबरमध्ये लेकाकडे असणार. हयातीच्या दाखल्याचे काय करायचे?

काका, मोबाइलवरून चेहरा ओळखून डिजिटल जीवन प्रमाणपत्र देता येते, भारतीय दूतावासातूनही दाखला मिळतो. पण तुमची पेन्शन कोणत्या खात्याची आहे त्यावर ठरेल. जाण्याआधी पासबुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन बँकेत विचारा, आणि एकदा इथेच मोबाइलवर चेहरा ओळखतो का ते करून बघा. चष्म्यामुळे आणि कमी उजेडामुळे बऱ्याचदा अडते.