दुधारी ब्लेड: धार बघायची की पाकिटातला एकसारखेपणा?

खुंटेश्वर (धागाकर्ता):
जुन्या पद्धतीच्या रेझरकडे वळलेल्या मंडळींचा आवडता प्रश्न एकच: सगळ्यात धारदार ब्लेड कोणतं? मग कुणी जपानच्या फेदरचं नाव घेतं, कुणी ॲस्ट्राचं, आणि कुणीतरी हमखास सांगतं की आमच्या बाबांनी जन्मभर टोपाझ वापरलं, त्यांचं काय बिघडलं?

माझ्या मते हा प्रश्नच फुकट आहे. धार थोडी कमी असली तर हात जुळवून घेतो. कोन बदलतो, एक फेरी जास्त मारतो. पण पाकिटातलं एक ब्लेड अलगद फिरलं आणि पुढचं हनुवटीखाली केस ओढू लागलं, तर हाताने जुळवून घ्यायचं कशाशी? स्वस्तातल्या ब्लेडांत हे मला जास्त दिसतं, महागात कमी. तेव्हा ब्लेडची प्रत ठरवायची ती एका पाकिटातली ब्लेडं एकमेकांशी किती जुळतात त्यावर. एकच ब्लेड लावून निकाल देणाऱ्यांचं ऐकूच नये.

दादरचा दामू:
दोन-पाच रुपयांची वस्तू. नाही आवडलं तर फेका, दुसरं लावा. यावर धागा?

खुंटेश्वर:
फेकतोच हो. पण आवडलं नाही हे कळतं तेव्हा अर्धा गाल झालेला असतो.

निवृत्त तपासनीस, ठाणे:
नोकरी ब्लेडच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर गेली. (कोणत्या ते विचारू नका. सुपर-मॅक्स या ब्लेड कंपनीमुळे ठाणेकरांना ब्लेडचं कौतुक शिकवावं लागत नाही.) धागाकर्ते म्हणतात ते पटण्यासारखं वाटतं, पण ब्लेड बनतं कसं ते बघा.

सुमारे ०.१ मिमी जाडीची पोलादी पट्टी गुंडाळीवरून येते. तिला भोकं पाडतात, हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड करतात, मग ती सलग चालत असताना दोन्ही कडांना धार लागते. म्हणजे शेजारशेजारची ब्लेडं एकाच चाकावरून लागोपाठ गेलेली असतात. चाक झिजलं तर अख्खा लॉट बिघडेल, एकाआड एक ब्लेड नाही. नंतर धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम अशा धातूंचा थर आणि त्यावर टेफ्लॉन. काहींना पहिल्या दाढीपेक्षा दुसरी जास्त सुखाची वाटते ती यामुळेच. टोकावरचं जादा टेफ्लॉन पहिल्या काही हातांत मागे सरकतं.

मग एकाच पाकिटातली दोन ब्लेडं वेगळी का लागतात? बहुतेक वेळा ती रेझरमध्ये वेगळी बसलेली असतात. रुंदी जेमतेम २२ मिमी. ब्लेड किंचित तिरकं बसलं की एका बाजूची कड जास्त बाहेर येते, आणि तीच बाजू ओरबाडते. तपासायला सोपं आहे. रेझरच्या एका बाजूला खूण करा. ब्लेड छळायला लागलं की रेझर उघडा, ब्लेड अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. त्रास ब्लेडच्या कडेबरोबर पलीकडे गेला तर दोष ब्लेडचा. खुणेच्याच बाजूला राहिला तर रेझरचा. आणि पार नाहीसा झाला, तर तुमच्या बसवण्याचा. एवढं न करता पाकिटाला नावं ठेवणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

लालबाग सलून:
साहेब, रेझरवर ढकललंत, पण आमच्याकडे रेझरच नाही. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, एका गिऱ्हाइकाला एक अर्धं, मग डब्यात. कोन माझ्या मनगटात. तरी फरक कळतो, आणि तो पहिल्याच हाताला, आवाजावरून. चांगलं ब्लेड केस कापताना बारीक करकरतं. मंद ब्लेड मुकाट जातं आणि गिऱ्हाईक खुर्चीचा हात घट्ट धरतं.

सगळ्यात धारदार ब्लेड मला नकोच. शिकाऊ पोरगा त्याने एखाद्याचा गाल सोलून ठेवील. महिन्याचा माल एकाच छापाचा भरतो, हाताला सवय राहते. या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

निवृत्त तपासनीस, ठाणे:
पण तुमच्या दोन गिऱ्हाइकांच्या दाढ्या एक नसतात, मालक.

लालबाग सलून:
रोज येणारे आहेत माझ्याकडे. त्यांच्या दाढ्या मला पाठ आहेत.

पवईकर:
यात थोडं विज्ञान टाकतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की ब्लेडची धार नुसती झिजत नाही, तिचे टवके उडतात. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरीही. टवका उडायला काही गोष्टी जुळून याव्या लागतात. केस कडेशी तिरका वाकलेला हवा, पोलादाची आतली रचना त्या जागी असमान हवी. आणि केस अशा असमान जागेच्या नेमका कडेला भिडायला हवा. म्हणजे एकसारखेपणाचा प्रश्न पाकिटात सुरू होत नाही, ब्लेडच्या धातूतच सुरू होतो.

अर्थात ही वापरातल्या ब्लेडची गोष्ट आहे. नवंकोरं ब्लेड पहिल्या हाताला ओढतं, त्याचा खुलासा यातून मिळत नाही, तेव्हा खुंटेश्वरांनी लगेच पेढे वाटू नयेत.

गिरगावचे आजोबा:
लाडावलात तुम्ही. १९६२ साली विल्किन्सनचं स्टेनलेस ब्लेड बाजारात आलं, त्याआधी सगळा कारभार साध्या पोलादाचा. पावसाळ्यात पुसून ठेवलं नाही तर गंज. काचेच्या पेल्यात आतून घासून त्याच ब्लेडवर आणखी दिवस काढायचे. एकसारखेपणा कसला विचारता!

कांदिवली पूर्व:
पाण्याचं कुणीच बोललं नाही. तलावांचं पालिकेचं पाणी तसं मऊ. आमच्याकडे मे महिन्यात टँकर सुरू झाला की बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही, आणि सोसायटीतल्या सगळ्यांची ब्लेडं एकाच आठवड्यात ‘खराब’ निघतात. केस दोन-तीन मिनिटं नीट भिजला तर तो कापायला जोर बराच कमी लागतो. सकाळी ८:०५ ची लोकल गाठणारे किती जण तेवढं थांबतात?

खुंटेश्वर:
पाणी रोज तेच, साबण तोच, घाईही तीच. बदलतं फक्त ब्लेड, म्हणून संशय त्याच्यावर. निवृत्त साहेब, तुमची फिरवाफिरवी करून बघेन. पण माझीही एक अट. ब्लेड दुसऱ्याने बसवायचं, कधी नवं, कधी कालचंच काढून पुन्हा, आणि मला सांगायचं नाही. मी फक्त शेरा लिहीन. पाकिटातलं वाईट ब्लेड मी ओळखलं, तर अंगण सरळ करून द्यायचं.

निवृत्त तपासनीस, ठाणे:
मान्य. मात्र पाकिटं दोन घ्या, छाप एकच, पण छापलेला महिना वेगळा. पाकिटाच्या आत तुम्हाला फरक ओळखता येणार नाही. दोन पाकिटांमध्ये कदाचित येईल.

खुंटेश्वर:
दोन्हीकडे येईल. ब्लेड बसवायला बायकोने साफ नकार दिलाय. कॉलेजातला मुलगा तयार आहे, पण दर पाकिटामागे एक वडापाव मागतोय.

दादरचा दामू:
म्हणजे ब्लेडपेक्षा महाग पडलं की.