देशांतर्गत टप्प्याचं वजनही बघा

विमानाने नेण्याच्या सामानाबद्दल "अमेरिकेला दोन बॅगांचे मिळून 46 किलो भरले की झालं" असं एकाने लिहिलंय, ते तितकंसं बरोबर नाही. तिथे सहसा नगावर हिशोब असतो, प्रत्येक बॅग 23 किलोच्या आत हवी. एक 26 आणि दुसरी 20 भरली तर बेरीज 46च, पण 26च्या बॅगेचे जादा पैसे लागतात. आणि 32 किलोच्या वरची बॅग बहुतेक ठिकाणी पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा प्रश्न असतो.

पण खरा फटका आम्हाला दुसरीकडेच बसला. आईबाबा दिल्लीहून अमेरिकेला जाणार होते, त्यांचं नागपूर-दिल्ली तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी वेगळं काढलं होतं. देशांतर्गत विमानात माणशी 15 किलो, म्हणजे दोघांचे 30, आणि सोबत चार बॅगा, जवळजवळ 90 किलो! नागपूरच्या काउंटरवर किलोमागे पैसे भरताना तिकिटात वाचवलेलं सगळं गेलंच, वर आईने बहिणीसाठी केलेली भाजणी आणि गोडा मसाला काढून ठेवायची वेळ आली. तिचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. हाच टप्पा अमेरिकेच्या तिकिटातच जोडून घेतला असता तर साधारणपणे आंतरराष्ट्रीय मर्यादाच नागपूरपासून लागू झाली असती. ज्यांचे आईवडील नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरहून निघणार आहेत त्यांनी कृपया तिकीट काढण्याआधीच हे विचारून घ्या, बॅगा भरताना नाही.