मदत हवी आहे: आईचा जबडा दुखतो, तोंड पूर्ण उघडत नाही

नमस्कार मंडळी. आई, वय ५४. तीन महिन्यांपासून उजव्या कानापुढे ठणका. भाकरीचा तुकडा चावला की 'कट्' असा आवाज यायचा, तो शेजारी बसून मलाही ऐकू जायचा. आधी कानाचं समजून कानवाल्यांकडे गेलो. कान स्वच्छ निघाला. मग एका दवाखान्यात अक्कलदाढ काढून टाकली. दाढ गेली, दुखणं तसंच! (पैसे गेले ते वेगळेच.)

आता जबड्याच्या सर्जननी सांगितलंय की हा टीएमजे, म्हणजे जबड्याच्या सांध्याचा त्रास. सांध्यात एक चकती असते, ती पुढे सरकली की तोंड उघडताना आवाज होतो. उभी तीन बोटं तोंडात मावायला हवीत, आईची जेमतेम दोन मावतात. गंमत म्हणजे पंधरा दिवसांपासून आवाज बंद आहे आणि आम्ही खूश होतो. डॉक्टर म्हणाले, चकती अडकली असेल तरी आवाज थांबतो. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत चकती दिसत नाही, म्हणून एमआरआय सांगितलाय.

आई झोपेत दात खाते, त्यासाठी रात्री दातांवर लावायची प्लेटही बनवायची आहे. सध्या मऊ भात, खिचडी आणि गरम शेक चालू आहे.

कुणी अशी प्लेट वापरली आहे का? सवय व्हायला किती दिवस लागले? कडक बरी की मऊ? फिजिओथेरपीने तोंड उघडायला लागलं का? पुण्यात हे नीट बघणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. आई जांभईलाही घाबरते हो.